कासवाच्या पेटीत नऊ

जपारा, ९ ऑगस्ट १९९३

प्रिय निंग्रुम,

अनेक आशीर्वाद. पेटारा हातात पडला की आधी हे पत्र वाच, मग दोर सोड. आत काय काय आहे ते लिहितो, म्हणजे बोटीवर कोणी हात मारला असेल तर कळेल.

दोन होड्या, सागाच्या, हातभर लांब, अखंड ओंडक्यातून कोरलेल्या. तळ सपाट, टेबलावर डुगडुगणार नाहीत. सहा पेट्या, महोगनीच्या, मुठीत मावतील एवढ्या, सरकत्या झाकणाच्या. पहिल्या झाकणावर जाई, दुसऱ्यावर कमळ, मग कासव, मासा, आंब्याची डहाळी आणि शेवटी मोराचं पीस. कासवाच्या पाठीवरची खवलं मोजून कोरली आहेत, अंदाजाने नाहीत. सांधे नुसत्या खाचांचे, खिळा एकही नाही, सरस नावापुरता. चिकूच्या बियांची एक पिशवी. पिशवी तुझ्या बुदेने शिवली, बिया मी निवडल्या, धुतल्या, वाळवल्या आणि खोबरेल लावून चमकवल्या. ज्या पेटाऱ्यात हे सगळं आहे तो पेटाराही मीच केलेला आहे, खोका समजून चुलीत घालू नकोस.

यातलं एकही काम मला कोणी शिकवलेलं नाही. सहावीनंतर शाळा सुटली, पटाशी हातात आली, बाकीचं लाकडानेच सांगितलं. तू लिहिलं होतंस की 'दोन ताटं आणि काही बंद डब्या हव्यात, आठवीच्या बीजगणितासाठी'. बेटावरच्या पोरांना ताटं काय द्यायची? म्हणून होड्या केल्या. आणि डब्या सहाही निराळ्या. मी आयुष्यात एकासारखं दुसरं नक्षीकाम केलेलं नाही. तसलं काम यंत्र करतं.

मी तराजू करून देणार होतो, तू नको म्हणालीस. का नको? तू मला पाकदे म्हणतेस, आईचा थोरला भाऊ म्हणून, आणि माझ्या बायकोला बुदे. त्या नात्याने विचारतो, माझ्या तराजूवर विश्वास नाही का?

तुझा पाकदे,
कास्मुरी


करिमुनजावा, २ सप्टेंबर १९९३

पाकदे, सलाम.

पेटारा सुखरूप पोचला. खलाशाने तो मांडीवर घेऊन आणला, म्हणाला यात कोणाचं तरी लग्न असणार.

तराजूचं सांगते. पेटीला स्वतःचं वजन असतं, तराजू तेही मोजेल आणि खोटं बोलेल. म्हणून आमच्या खेळात दोन्ही होड्या सारख्या भरल्या आहेत हे भरणाऱ्याच्या शब्दावर मानायचं. खेळ असा: एका गटाने गुपचूप सगळ्या पेट्यांत सारख्याच बिया घालायच्या, किती ते सांगायचं नाही. मग पेट्या आणि सुट्या बिया दोन होड्यांत अशा मांडायच्या की दोन्हीकडच्या एकूण बिया सारख्या होतील. समजा एका होडीत तीन पेट्या आणि चार बिया, दुसरीत एक पेटी आणि सोळा बिया. आता दुसऱ्या गटाने पेटी न उघडता आत किती ते सांगायचं. दोन्ही होड्यांतून एकेक पेटी उतरवली, तरी होड्या सारख्याच. दोन्हींतून चार-चार बिया उतरवल्या, तरी सारख्याच. राहिल्या दोन पेट्या आणि पलीकडे बारा बिया. म्हणजे एकीत सहा. मग झाकण सरकवून पाहायचं. पुस्तकात याच पेटीला 'क्ष' म्हणतात.

आमची शाळा पाण्याला इतकी लागून आहे की दुपारी लाटांवरचा उजेड वर्गाच्या छतावर हलत राहतो. फळा, मुलं, मी, सगळे पाण्याखाली बसल्यासारखे वाटतो. त्या उजेडात तुमच्या पेट्या मुलांनी पहिल्यांदा हातात घेतल्या तेव्हा ती झाकणं नुसतीच पुढे-मागे सरकवत राहिली. बेस्से म्हणून एक मुलगी आहे, बुगिस जमातीची, वर्गात सगळ्यात तल्लख आणि सगळ्यात हट्टी. तिला कासव फार आवडलं. ती कासवाच्या पेटीत सगळ्यात जास्त बिया घालते, कारण कासवीण सगळ्यात जास्त अंडी घालते, असं तिचं म्हणणं.

बुदेला सलाम. बेटावरची चिंगळी सुकवलेली पाठवते आहे.

तुमची,
निंग्रुम


जपारा, २० सप्टेंबर १९९३

प्रिय निंग्रुम,

पत्र बुदेला वाचून दाखवलं. कासवाचं ऐकून ती म्हणाली, आता हे आठवडाभर जमिनीवर चालायचे नाहीत. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. कोरलेलं कासव पाहून पोरीला अंडी आठवली, याला काम म्हणतात. गल्लीत दीडशे कारागीर असतील, त्यांच्यापैकी कोणाच्या कासवाने अंडी घातली आहेत?

तराजूचं पटलं.

म्हणून आणखी सहा पेट्या पाठवतो. यांच्यावर आहेत खेकडा, नारळाचा कोंब, शिंपला, समुद्रघोडा, वेलीची गाठ आणि पावसाळी ढग. ढग कोरणं सगळ्यात अवघड, त्याला कडा नसते. कडा नसलेली वस्तू पटाशीने दाखवायची म्हणजे लाकूड जवळजवळ न कोरताच सोडावं लागतं. आता बेस्सेला सांग, खेकड्याच्या पेटीत किती घालतेस ते बघू.

तीन पेट्या आणि एका पेटीचं ते गणित मी बुदेच्या मसुराच्या डब्यांवर करून पाहिलं. बरोबर येतं. पण एक विचारतो: पेटीला पेटी म्हणायचं सोडून क्ष कशाला म्हणायचं? क्षवर कासव कसं कोरणार?

दुपारी जेवण झाल्यावर कामाच्या जागेत आडवा होतो. उन्हाच्या पट्ट्यात लाकडाचा भुसा तरंगत असतो, गल्लीभर हातोड्यांची टकटक चालू असते आणि डोळा लागता लागता ती टकटक तुझ्या होडीतल्या बियांसारखी वाटायला लागते.

तुझा पाकदे,
कास्मुरी


करिमुनजावा, १४ ऑक्टोबर १९९३

पाकदे, सलाम.

नव्या पेट्या मिळाल्या. ढग खरोखर सुंदर आहे. सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं आहे.

खेळ चालू आहे. इथे हवा छान आहे, समुद्र काचेसारखा आहे, तळाची प्रवाळं वरून दिसतात. सध्या शाळेची कामं बरीच असल्यामुळे जास्त लिहीत नाही. क्षबद्दल पुन्हा कधीतरी.

तुमची,
निंग्रुम


जपारा, १ नोव्हेंबर १९९३

निंग्रुम,

लाकडाला भेग असली की काही सुतार त्यात भुसा आणि सरस भरतात, वरून पॉलिश चढवतात आणि गिऱ्हाइकाला म्हणतात, बघा कसं गुळगुळीत. तुझं पत्र तसं गुळगुळीत आहे. 'सगळ्यांनी कौतुक केलं आहे' असं तू लहानपणीही कधी बोलली नाहीस. लहानपणी तू माझ्या मोराला कोंबडी म्हणाली होतीस.

काय बिघडलं आहे? झाकणं अडकतात का? समुद्राच्या हवेने महोगनी फुगली असेल तर सांग, मी रंधा मारून पाठवतो. पण खरं सांग. बेस्सेने खेकड्याच्या पेटीत किती घातल्या, तेही तू लिहिलं नाहीस.

कास्मुरी


करिमुनजावा, २५ नोव्हेंबर १९९३

पाकदे, सलाम.

झाकणं अडकत नाहीत. पेट्यांत काहीही खोट नाही. तेच लिहिणं जड जातं आहे.

मी तुम्हाला सांगितलं होतं की बेस्से कासवात जास्त बिया घालते. तुम्हाला ते आवडलं, आणि तुम्हाला आवडलं म्हणून मी पुढचं लिहिलं नाही. त्या दिवशी तिच्या गटाने होडीत तीन पेट्या ठेवल्या होत्या: कासवात नऊ, जाईत दोन, माशात पाच. शिवाय चार सुट्या. दुसऱ्या होडीत कमळाची पेटी, तिच्यात चार, आणि सोळा सुट्या. इकडे वीस, तिकडे वीस. होड्या अगदी प्रामाणिकपणे सारख्या होत्या. दुसऱ्या गटाने मी शिकवल्याप्रमाणे उतरवत उतरवत सहा असं उत्तर काढलं. झाकणं सरकवली तर एकाही पेटीत सहा नव्हत्या. भांडण झालं. मी बेस्सेला म्हटलं, सगळ्या पेट्यांत सारख्याच घालायच्या हा नियम आहे. त्यावर ती म्हणाली, "सारख्याच घालायच्या होत्या तर पेट्या निराळ्या कशाला केल्या?"

मी नियम फळ्यावर लिहून टाकला. पुढे नियम सगळ्यांनी पाळला, पण मनातून कोणाला पटला नाही. फळ्यावर मी पाच क्ष लिहिले की मुलं विचारतात, कोणकोणते? मी म्हणते, सगळे सारखे. मग ती हसतात, जणू मी जाई आणि खेकडा सारखेच म्हणते आहे. नव्या सहा पेट्या आल्यावर तर विचारूच नका. आणखी एक: ही कोळ्यांची मुलं आहेत, त्यांचे कान फार तिखट. बेस्से पेटी कानाशी धरून हलवते आणि आत किती ते सांगते. बहुतेक वेळा बरोबर सांगते. मग गणित करायचं कशाला?

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी याच धड्याला निम्मा वर्ग नापास झाला, आणि नापास झालेली मुलं परत शाळेत आली नाहीत, ती बोटींवर गेली. म्हणून मी खेळाचा तास मागितला. मुख्याध्यापक हर्सोयो चांगले आहेत, त्यांनी दिला. पण पश्चिमेचे वारे थांबले की जपाऱ्याहून तपासनीस बाई येणार आहेत. तोवर मुलं फळ्यावर बीजगणित करू लागली नाहीत तर पेट्या कपाटात जातील आणि आम्ही पुन्हा पुस्तकातली उदाहरणं घोकू. बेस्सेच्या बापाने तर आताच सांगून टाकलं आहे, या वेळी पोरगी अडली तर घरी मासे वाळवायला बसेल. त्याला सगळे पाक लातिफ म्हणतात, मासे उतरवून घरी जाताना तो रोज खिडकीशी थांबतो आणि आत काय चाललंय ते बघतो.

मला बारा पेट्या हव्या आहेत, पाकदे. साध्या. एकावरही काही नको. आणि अशा सारख्या की आज कुठली उघडली होती ते उद्या मलाही ओळखू येऊ नये.

रागावू नका.

तुमची,
निंग्रुम


जपारा, १२ डिसेंबर १९९३

निंग्रुम,

पत्र मिळालं. साध्या, एकसारख्या पेट्या हव्या असतील तर बाजारात बिस्किटांचे पत्र्याचे डबे मिळतात. त्यासाठी कास्मुरीची गरज नाही. ज्याला हात नाहीत त्याला सांग.

वारा फिरला आहे. बंदरावर म्हणतात, वारे थांबेपर्यंत ही शेवटची बोट.

कास्मुरी


करिमुनजावा, जानेवारी १९९४

पाकदे, सलाम.

हे पत्र कधी निघेल माहीत नाही. बोट नाही, साखर संपत आली आहे, दुकानदार मीठ पुडीने विकतो. समुद्र आठवडेच्या आठवडे पांढरा आहे. अशा दिवसांत बेटावर सगळे हळू बोलतात. भरती कुठे संपते आणि अंगण कुठे सुरू होतं हे सकाळी उठून पाहावं लागतं. वर्गात मुलं जाड सदरे घालून बसतात आणि वाऱ्याने फळा हलतो, अक्षरं लाटेवर बसल्यासारखी.

तुमच्या पेट्या मी कपाटात ठेवलेल्या नाहीत. त्या खिडकीच्या कठड्यावर आहेत, मुलं येता-जाता ढगावर बोट फिरवतात.

खेळासाठी आम्ही केळीच्या पानाच्या पुड्या केल्या. भात बांधतो तशाच, आत बिया. पहिल्या दिवशी जमतं. दुसऱ्या दिवशी पान सुकून उकलतं आणि बिया डोकावतात. तेवढ्या एका दिवसात मात्र बेस्सेने मला विचारलं, "बाई, आत किती आहेत ते पुडीला तरी माहीत असतं का?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती खिडकीशी जाऊन बाहेर बघू लागली. तिथे समुद्र आणि आभाळ यांच्यात रेघ नव्हती.

तुम्ही रागावला आहात हे कळलं. रागावलात तरी बिस्किटांचे डबे इथे मिळत नाहीत.

तुमची,
निंग्रुम


जपारा, ६ मार्च १९९४

प्रिय निंग्रुम,

अनेक आशीर्वाद. तुझं जानेवारीचं पत्र काल मिळालं. पेटारा त्याच्या आधीच बांधून तयार होता, तेव्हा असं समजू नकोस की पानाच्या पुड्यांनी माझं मन वळवलं.

झालं ते असं. डिसेंबरात तुला चिठ्ठी पाठवली आणि मी कुदुसच्या एका गिऱ्हाइकाच्या खुर्च्या करायला बसलो. जेवायच्या टेबलाच्या सहा खुर्च्या. कामाला लागलो तरी बडबड चालूच होती, की एकसारखं काम म्हणजे काम नव्हे, पोरं शिकून शहाणी होतात आणि मामाला पत्र्याचे डबे करायला सांगतात. बुदे तिथेच बसून तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "खुर्चीचे चार पाय तरी निराळे करा. बघू या गिऱ्हाईक कुठे बसतं ते."

माझ्या हातात खुर्चीच्या पायाची काठी होती. ती तू लहानपणी पाहिली आहेस, कोपऱ्यात उभी असते. तिच्यावर आकडे नाहीत. नव्या खुर्चीसाठी मी एकदा उंची ठरवतो, काठी तेवढी कापतो, आणि मग चारही पाय काठीला लावून कापतो. किती सेंटिमीटर ते कधीच मोजत नाही, कोणी विचारलं तर सांगताही येणार नाही. काठीएवढे. चारही काठीएवढे. मी ती काठी हातात धरून बसलो आणि माझ्या लक्षात आलं की किती ते माहीत नसताना सगळे सारखे ठेवणं हेच मी तीस वर्षं करतो आहे. पाय निराळे कोरले तरी चालतील, उंची मात्र सारखीच हवी. तू क्ष म्हणतेस ती माझी काठी आहे. तिच्यावर कासव कोरलं तर ती एकाच पायाची होईल.

हे मी बुदेला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आता पेट्यांविषयी. बारा आहेत. मला वाटलं होतं, साध्या पेट्या म्हणजे दोन दुपारचं काम. निंग्रुम, मी मंदिराच्या दारासारखे पलंग केले आहेत, पण या बारा पेट्यांएवढं अवघड काम केलेलं नाही. नक्षीत चूक झाली तर पान वळवता येतं. इथे चूक लपायला जागाच नाही. पहिल्या खेपेच्या बारा मी स्वतःच ओळखू शकत होतो, कारण लाकडाच्या रेषा निराळ्या होत्या. त्या मोडल्या. मग एकाच फळीतून बाराच्या बारा कापल्या, रेषा एका पेटीतून दुसरीत जाते अशा, आणि शेवटी झाकणं आपापसात बदलली. कडा एकाच काठीने मापल्या. बेस्सेच्या कानासाठी आतून सावरीचा कापूस चिकटवला आहे, बी आत पडली की झोपते. पोरं हाताने वजन करतील म्हणून बाजू मुद्दाम जाड ठेवल्या, दोन बिया कमी-जास्त झाल्या तरी तळहाताला कळणार नाही. सोनाराच्या काट्यावर एकेक तोलून रंधा मारला.

शेवटी बुदेला डोळे मिटायला सांगून त्या चटईवर इकडच्या तिकडे केल्या आणि तिला म्हटलं, पहिली कुठली केली ते ओळख. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा." मी पाहिल्या. मला सांगता आलं नाही.

त्या दुपारी डोळा लागला तेव्हा त्या सगळ्या पाण्यावर दिसल्या. बंद, सारख्या, दूरपर्यंत. मी काठावर उभा होतो आणि कुठलीही उघडावीशी वाटत नव्हती.

तपासनीस बाई केव्हा येणार ते कळव.

तुझा पाकदे,
कास्मुरी


करिमुनजावा, २८ एप्रिल १९९४

पाकदे, सलाम.

तपासनीस बाई येऊन गेल्या. सगळं क्रमाने लिहिते, तुम्हाला अर्धवट सांगितलेलं चालत नाही हे मला पुरतं कळलं आहे.

तुमच्या पेट्या पहिल्या बोटीने आल्या. बेस्सेने एक उचलली, कानाशी नेली, हलवली, पुन्हा हलवली. मग माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मीच तिची काहीतरी वस्तू चोरली आहे. बाराही पेट्या तिने उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि विचारलं की या कोणी केल्या. मी म्हटलं, ज्यांनी कासव केलं त्यांनीच. तिचा विश्वास बसला नाही.

त्यानंतर कोणी मला विचारलं नाही की कोणकोणते क्ष. काही दिवसांनी मुलं फळ्यावर पेटीचा चौकोन काढायला लागली, मग कंटाळून चौकोनाऐवजी फुली मारायला लागली. मी काहीच शिकवलं नाही, पाकदे. फुलीवरून क्षवर ती आपली आपणच आली.

बाई दुपारी आल्या, छतावर तो पाण्याचा उजेड हलत होता. हर्सोयो सर दाराशी उभे होते. खिडकीशी पाक लातिफ होता, खांद्यावर ओलं जाळं, जाता जाता थांबल्यासारखा. पण त्या दिवशी तो बराच वेळ थांबला. बाईंनी मला बाजूला बसवलं आणि पेट्या घेऊन स्वतः दाराआड गेल्या, स्वतःच भरल्या. एका होडीत पाच पेट्या आणि दोन बिया ठेवल्या, दुसरीत दोन पेट्या आणि तेवीस बिया. त्यांनी नेमकं बेस्सेला उठवलं.

बेस्सेने होड्यांना हात लावला नाही. फळ्याशी गेली आणि दोन्ही होड्या क्षमध्ये लिहून काढल्या. दोन्हीकडून दोन क्ष पुसले. दोन्हीकडून दोन कमी केले. उरले तीन क्ष आणि एकवीस. तिने सात लिहिलं आणि खडू खाली ठेवला.

बाई म्हणाल्या, "झाकण उघडून खात्री करून घे."

बेस्से म्हणाली, "खात्री आहे, बाई. तुम्ही सारख्या भरल्या असतील तर सात."

सर खोकले. वर्गात कोणीतरी हसलं. बाईंनी पेटीवर हात ठेवला आणि काढून घेतला. मग म्हणाल्या, "सारख्याच भरल्या आहेत." त्यानंतर त्यांनी आणखी चौघांना फळ्यावर बोलावलं. एक अडला, तिघांना आलं. जाताना सरांना म्हणाल्या की हा तास पुढच्या वर्षीही ठेवा. खिडकीतून पाक लातिफने विचारलं, म्हणजे हिचं झालं का? सरांनी सांगितलं की वार्षिक परीक्षा अजून व्हायची आहे, पण हिची काळजी करू नका. त्याने जाळं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं आणि म्हणाला, मग मासे वाळवायला तिची आई आणि मी आहोत. एवढंच बोलून गेला.

त्या सात पेट्या संध्याकाळपर्यंत टेबलावर तशाच बंद होत्या. सगळे गेल्यावर मी एक उघडणार होते. झाकणावर अंगठा ठेवला होता. बाहेर ओहोटी लागली होती आणि वाळू दूरपर्यंत चमकत होती. मग उघडली नाही.

तुमची,
निंग्रुम


जपारा, १९ मे १९९४

प्रिय निंग्रुम,

अनेक आशीर्वाद. पत्र बुदेला एकदा वाचून दाखवलं. बेस्सेच्या बोलण्यापाशी आल्यावर तिने तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी मोठ्याने वाचलं. 'तुम्ही सारख्या भरल्या असतील तर' हे मात्र मी मनात बऱ्याच वेळा वाचलं. असं बोलणारी पोरगी मोजमापाच्या कामात कुठेही जाईल.

तपासनीस बाईंनी इथे परतल्यावर कोणाकडे तरी पेट्यांचं नाव काढलं असावं. सेमारांगहून एक व्यापारी आला, शाळांना सामान पुरवणारा. मोटारीतून उतरला, बुटांसकट आत आला, बुदेच्या नजरेला भ्याला आणि बूट काढून पुन्हा आत आला. माणूस वाईट नव्हता. त्याच फळीच्या उरल्या तुकड्यातून केलेली एक पेटी माझ्याकडे होती, ती त्याने हातात फिरवली आणि लगेच ओळखलं की ही सोपी दिसते पण सोपी नाही. त्याला पाचशे संच हवे होते. लाकूड तो देणार, कापायचं यंत्र तो देणार, हाताखाली माणसं देणार, मी फक्त पहिला संच करायचा आणि बाकीच्यांवर देखरेख ठेवायची. दारावरच्या पाटीवर माझं नाव राहणार होतं.

मी होच म्हणणार होतो. यंत्राने केलं तरी चालेल इथपर्यंत मी आलो आहे, तूच मला आणलंस. यंत्र सारखंच कापतं.

मग तो म्हणाला, एक छोटासा बदल. झाकणं सरसाने कायमची बंद करायची, बिया आतच, आणि प्रत्येक पेटीच्या तळाला आकडा डागून टाकायचा. मुलाने पेटी उलटी केली की उत्तर समोर. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, शिक्षकांना वेळ नसतो, उत्तर चटकन दिसलं नाही तर ते खेळ कपाटात टाकतात, आणि कपाटात गेलेला माल पुन्हा कोणी मागवत नाही. त्याचंही चूक नव्हतं. मी म्हटलं, तळ कोरा ठेवला तर? तो म्हणाला, कोरी पेटी कोण विकत घेईल?

मी चहा मागवला आणि विचार केला, खरोखर केला. बुदे पडद्यामागे उभी होती. पोरं पेटी उलटी करणारच, कोणीही करील, मीही केली असती. आणि एकदा तळ वाचला की आतल्या बियांना कोणी विचारणार नाही. मग दोन्हीकडून सारखं उतरवायचं कशासाठी? मी त्याला बेस्सेबद्दल काही सांगितलं नाही. त्याने ते जाहिरातीच्या छापील कागदावर घातलं असतं.

मी नको म्हणालो. त्याने चहा संपवला, रक्कम वाढवली, मी पुन्हा नको म्हणालो. बूट घालताना त्याने विचारलं की शिक्षण किती. मी सांगितलं, सहावी. मोटार गल्लीच्या तोंडाशी वळल्यापासून बुदे माझ्याशी फक्त भाताला या एवढंच बोलते आहे. रक्कम किती ते तिने विचारलं नाही, पण तू विचारशील, म्हणून लिहून ठेवतो. पाचशे संच, प्रत्येकात बारा पेट्या, तळाला आकडा, दारावर माझ्या नावाची पाटी. मी नाही म्हटलं तेव्हा रक्कम होती पस्तीस लाख रुपिया, आमची दोन वर्षांची कमाई, त्यातले दहा लाख त्याने रोख आणले होते.

तुझा पाकदे,
कास्मुरी